भंडारा जिल्ह्यातील दीर्घकालीन आजारांची सेवा आणि परस्पर अध्ययन

दीर्घकालीन आजारांच्या सेवेतील परस्पर अध्ययन म्हणजे उच्च रक्तदाब, मधुमेह, सिकलसेल, कुष्ठरोग यांसारख्या वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी, औषधनिर्माते, आरोग्यसेविका व आशा स्वयंसेविका यांनी आपल्या कामातील अनुभव, नोंदी व अडचणी एकमेकांपुढे मांडून एकमेकांकडून शिकणे होय. वर्गातील प्रशिक्षणापेक्षा हे वेगळे आहे. येथे शिकवणारा व शिकणारा अशी कायमची वाटणी नसते. आज ज्याने विचारले तो उद्या सांगणारा होतो.

महाराष्ट्राच्या शासकीय आरोग्यसेवेत या पद्धतीला मोठा वाव मिळाला तो भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात. नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या या उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात पंजाब, मध्य प्रदेश, केरळ, तेलंगणा व महाराष्ट्र या पाच राज्यांतील २५ जिल्हे होते. महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग हे चार जिल्हे निवडले गेले. उपक्रमाच्या पाच सूत्रांत परस्पर अध्ययन असे स्वतंत्र सूत्र नाही. ते गटाने द्यावयाची सेवा, पर्यवेक्षकांच्या भेटी आणि नियमित आढावा यांत मिसळलेले आहे, आणि म्हणूनच ते सहसा नजरेआड राहते.

संकल्पना

तीव्र आजारात उपचाराचा निकाल काही दिवसांत दिसतो. न्यूमोनियाचा रुग्ण बरा झाला की नाही हे डॉक्टरला आठवड्याभरात कळते आणि त्यातूनच त्याचे शिक्षण होत असते. उच्च रक्तदाबात तसे घडत नाही. रुग्णाला बहुधा काही दुखत नाही, औषध सुरू केल्याने त्याला काही बरे वाटत नाही, आणि औषध सोडल्यानेही लगेच काही बिघडत नाही. बिघडते ते काही वर्षांनी, पक्षाघाताच्या किंवा हृदयविकाराच्या रूपाने, आणि तेव्हा तो रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात न येता थेट मोठ्या रुग्णालयात जातो. ज्याने गोळी सुरू केली त्याला आपल्या कामाचे फळ दिसतच नाही. एकट्याने काम करणाऱ्याला अशा आजारात स्वतःच्या चुकांपासून शिकणे जवळजवळ अशक्य असते. त्यासाठी अनेकांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

वैद्यकीय व्यवसायात या विचाराला जुनी परंपरा आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात सामान्य वैद्यांचे लहान गट जमवून त्यांना स्वतःच्या अवघड रुग्णांविषयी बोलते केले. हे गट पुढे ‘बालिंट गट’ म्हणून ओळखले गेले. शिक्षणशास्त्राच्या बाजूने जीन लेव्ह व एतिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये, माणूस काम करणाऱ्यांच्या समुदायात हळूहळू सामील होत शिकतो, अशी मांडणी केली. शिंपी, दाई, खाटीक अशा व्यवसायांचा अभ्यास त्यांच्यासमोर होता.

दूरच्या डॉक्टरांना जोडण्याचा प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात झाला. यकृततज्ज्ञ संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रकल्प इको’ सुरू केला. हिपॅटायटिस सी या आजाराचे रुग्ण शेकडो किलोमीटरवरून अल्बुकर्कला येऊ शकत नव्हते. म्हणून गावोगावच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला चित्रफितीच्या दुव्यावर एकत्र यावे, आपापला रुग्ण सर्वांपुढे मांडावा आणि तज्ज्ञासह सर्वांनी त्यावर चर्चा करावी, अशी पद्धत त्यांनी बसवली. ४०७ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यापीठाच्या रुग्णालयात ५७.५ टक्के रुग्णांत विषाणू नाहीसा झाला होता, तर गावच्या डॉक्टरांकडे हे प्रमाण ५८.२ टक्के होते. भारतात बंगळूरच्या निमहान्स संस्थेने ही पद्धत मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात स्वीकारली.

भंडारा जिल्ह्याची पार्श्वभूमी

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा पूर्व विदर्भातील भातशेतीचा व तलावांचा जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर त्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १२,००,३३४ होती. शासकीय मापदंडाप्रमाणे सपाट प्रदेशात साधारण ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. आदिवासी व दुर्गम भागात हे आकडे २०,००० व ३,००० आहेत. म्हणजे एका वैद्यकीय अधिकाऱ्याच्या जबाबदारीत सुमारे वीस-तीस गावे येतात आणि आपल्यासारखेच काम करणारा दुसरा अधिकारी त्याला एरवी भेटत नाही. दुसऱ्या तालुक्यातील केंद्रात तोच प्रश्न कसा सोडवला गेला, हे कळण्याचा मार्ग बैठकीखेरीज फारसा नसतो.

असंसर्गजन्य आजारांसाठी केंद्र शासनाने २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात आरंभी ज्या थोड्या जिल्ह्यांत तो आला, त्यांत भंडाऱ्याचा समावेश होता. मात्र या काळात भर तपासणीवर होता. तपासणी शिबिरात रक्तदाब वाढलेला आढळला, त्याचे पुढे काय झाले, हे नोंदवहीवरून सांगता येत नसे.

उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, राज्य शासने व जागतिक आरोग्य संघटनेचे भारत कार्यालय यांनी हा उपक्रम मिळून आखला. ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ ही संस्था तांत्रिक साहाय्य करते. उपचाराचे एकच सोपे सूत्र, औषधांचा अखंड पुरवठा, कामाची गटात वाटणी, रुग्णाच्या घराजवळ सेवा आणि नोंदींवर आधारित देखरेख ही त्याची पाच अंगे आहेत. जिल्ह्यांत हृदयवाहिनी आरोग्य अधिकारी व त्यांच्या हाताखाली वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक नेमले गेले. पर्यवेक्षकाचे पद आणि ठरावीक तिमाहीत नोंदलेल्या सर्व रुग्णांचा एक गट धरून त्या गटाचा निकाल काढण्याची रीत, या दोन्ही गोष्टी क्षयरोग कार्यक्रमातून उचललेल्या आहेत. एका आजारावर काम करणाऱ्यांनी दुसऱ्या आजारावर काम करणाऱ्यांकडून शिकण्याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

उपचारसूत्र हा या शिकण्याचा पाया आहे. पूर्वी एकाच जिल्ह्यात प्रत्येक डॉक्टर आपल्या सवयीचे औषध देत असे. मग दोन केंद्रांच्या निकालांची तुलना करण्यात अर्थच नव्हता. बहुतेक राज्यांच्या सूत्रांत आरंभ ॲम्लोडिपिनने होतो, रक्तदाब १४०/९० च्या खाली आला नाही तर टेल्मिसार्टनसारखे दुसरे औषध वा वाढीव मात्रा, आणि पुढे मूत्रल गटातील औषध अशा पायऱ्या असतात. सर्वांनी एकच पाटी वापरली की कोणाचे अक्षर कोठे बिघडते ते दिसू लागते.

आता प्रत्यक्ष शिकायचे काय असते? पहिली गोष्ट म्हणजे रक्तदाब मोजणे. ही क्रिया इतकी साधी समजली जाते की तिच्याविषयी वरिष्ठाला विचारायला संकोच वाटतो, आणि चुका नेमक्या येथेच होतात. रुग्ण दोन किलोमीटर सायकल चालवून आलेला असतो आणि त्याला पाच मिनिटे बसू दिले जात नाही. हाताखाली आधार नसतो, पाठ टेकलेली नसते, पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून बांधला जातो, माप चालू असताना घरची चौकशीही चालू असते. यांतली प्रत्येक गोष्ट आकडा काही अंकांनी फुगवते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात आणखी एक दोष आढळतो: शेवटचा अंक शून्य लिहिण्याची सवय. एखाद्या नोंदवहीत १३०, १४०, १५० असेच आकडे ओळीने दिसले तर मोजणाऱ्याने अंदाजाने आकडा गोल केला, हे उघड आहे. शेजारच्या केंद्रातील परिचारिकेने आपली वही समोर ठेवली म्हणजे ही गोष्ट उपदेशाशिवाय लक्षात येते. अंकचलित यंत्रे आल्यावर हा दोष बराच कमी झाला. बसू न देण्याचा दोष यंत्राने जात नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. रक्तदाब १५६/९४ आहे, रुग्ण नेमाने गोळी घेतो, तरी डॉक्टर तीच मात्रा पुन्हा लिहितो. याला वैद्यकशास्त्रात उपचारातील जडता म्हणतात. कारणे समजण्यासारखी आहेत: रांग लांब आहे, रुग्णाची तक्रार नाही, ‘आज जरा धावपळ झाली असेल’ असे वाटते, मात्रा वाढवून चक्कर आली तर दोष आपल्यावर येईल अशी भीती असते. सूत्र भिंतीवर लावल्याने ही भीती जात नाही. आपल्यासारख्याच केंद्रातील, आपल्याइतकीच गर्दी असलेल्या सहकाऱ्याने मात्रा वाढवली आणि त्याच्या रुग्णांना काही अपाय झाला नाही, हे त्याच्या तोंडून ऐकले म्हणजे ती कमी होते. मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञाचा सल्ला येथे कमी पडतो. त्याच्या हाताशी जे असते ते आपल्याकडे नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते.

तिसरी गोष्ट म्हणजे न आलेला रुग्ण. जो दवाखान्यात आला त्याच्यावर उपचार करणे ही डॉक्टरची जुनी व्याख्या. दीर्घकालीन आजारात जो आला नाही त्याची यादी करणे हाही उपचाराचाच भाग ठरतो. महाराष्ट्रात यासाठी ‘सिंपल’ हे भ्रमणध्वनीवरील साधन वापरले गेले. रुग्णाजवळच्या पुस्तिकेवरील संकेतचिन्ह टिपले की त्याची मागील नोंद उघडते, आणि ज्यांची तारीख उलटून गेली त्यांची यादी दूरध्वनी क्रमांकांसह समोर येते. फोन करणे मात्र माणसालाच करावे लागते, आणि त्या माणसाला काय बोलायचे हे कळले पाहिजे. भातपट्ट्यात आषाढ-श्रावणात रोवणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी-मळणी असते. त्या दिवसांत मजुरी सोडून कोणी गोळ्या घ्यायला येईल ही अपेक्षा चूक आहे. महिन्याची औषधे एकदम देणे, उपकेंद्रातच पुनर्भरणाची सोय करणे, आशाने घरी जाताना विचारपूस करणे, हे उपाय अशा अडचणींतून पुढे येतात. ‘गोळी का सोडली?’ या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही. ‘गोळ्या किती उरल्या?’ या प्रश्नाला मिळते. असली शहाणी युक्ती पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते. ती आशांच्या मासिक बैठकीत, गटप्रवर्तकांच्या बोलण्यात सापडते, आणि तेथे ती झाडीबोलीत सांगितली जाते, हेही तिच्या उपयोगाचे एक कारण आहे.

टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, उपक्रमाच्या जिल्ह्यांत औषधे उपकेंद्रांवर किंवा घरपोच देण्याचा मार्ग अवलंबला गेला. गोळ्या रुग्णाच्या गावापर्यंत जाऊ शकतात, हे त्यातून सर्वांना प्रत्यक्ष दिसले.

आढावा बैठक

केंद्रागणिक निकाल एकाच तक्त्यात मांडले जातात: नोंदलेले रुग्ण, नियंत्रणात असलेले, नियंत्रणात नसलेले, न आलेले. या तक्त्याचे दोन उपयोग होऊ शकतात. खालच्या ओळीतील केंद्राला जाब विचारता येतो, किंवा वरच्या ओळीतील केंद्राला ‘तुम्ही काय केले ते सांगा’ म्हणता येते. पहिल्या रीतीने बैठक घेतली तर परस्पर अध्ययन तेथेच संपते. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा फरक सांगायला नको. ज्या परिषदेत एखादा शिक्षक उठून आपला धडा घेऊन दाखवतो ती लक्षात राहते, परिपत्रकांचे वाचन झालेली राहत नाही.

निष्पत्ती

उपक्रमाचा एक महत्त्वाचा अभ्यास पंजाब, मध्य प्रदेश, महाराष्ट्र व तेलंगणा येथील निवडक २४ आरोग्यसंस्थांत झाला. जानेवारी २०१८ पासून २१,८९५ रुग्ण नोंदले गेले. त्यांतील जे पुढील भेटीस आले, त्यांच्यापैकी २६.३ टक्के रुग्णांचा रक्तदाब नोंदणीच्या वेळी नियंत्रणात होता. पुढील भेटीत हे प्रमाण ५९.८ टक्के झाले. प्राथमिक स्तरावरील संस्थांत नियंत्रणाच्या प्रमाणात ४८.१ टक्क्यांची भर पडली, तर त्यावरील स्तराच्या रुग्णालयांत ती २२.९ टक्क्यांची होती. लहान केंद्राने मोठ्या रुग्णालयाला मागे टाकावे, ही गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटली. त्याच अभ्यासातील दुसरा आकडा तितकाच वजनदार आहे: पुढील भेटीस आले ते ११,२७४, म्हणजे सुमारे ५१ टक्के. उरलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना ५९.८ हा आकडा लागू होत नाही. यश सांगताना पहिला आकडा घेऊन दुसरा गाळण्याची प्रथा आहे, ती योग्य नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसंस्था कृतिदलाचा व जागतिक आरोग्य संघटनेच्या प्राथमिक आरोग्यसेवा विभागाचा पुरस्कार मिळाला. तोवर तो २३ राज्यांतील १३० हून अधिक जिल्ह्यांत पोहोचला होता आणि शासकीय संस्थांत ३४ लाखांहून अधिक रुग्ण उपचार घेत होते.

सिकलसेल

पूर्व विदर्भात दीर्घकालीन आजार म्हटले की सिकलसेल वगळता येत नाही. भारतात या आजाराची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. मध्य भारतातील आढळ शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये नागपुरातून जगापुढे मांडला. अनुसूचित जातींतील व गोंडांसारख्या आदिवासी समाजांतील कुटुंबांत तो विशेषकरून आढळतो.

येथे परस्पर अध्ययनाचा विषय वेगळा आहे. गावपातळीवर वापरली जाणारी विद्राव्यता चाचणी स्वस्त व झटपट होते, पण ती रुग्ण आणि वाहक यांत भेद करू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम चाचणी लागते. वाहक व्यक्तीला सहसा काही त्रास नसतो. पहिल्याच चाचणीवर ‘हिला सिकलसेल आहे’ असे बोलले गेले तर निरोगी मुलीच्या माथी आजाराचा शिक्का बसतो आणि तिच्या लग्नाची बोलणी थांबतात. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते, हे सांगायचे. पण कोणाला, कोणासमोर व कोणत्या शब्दांत, हे समुपदेशक एकमेकांकडूनच शिकतात.

डॉक्टरांच्या बाजूने प्रश्न असतो वेदनेचा. सिकलसेलच्या रुग्णाला अचानक हाडे-सांध्यांत असह्य वेदना उठतात. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे तो ढोंग करतो किंवा इंजेक्शनची सवय लागली आहे, असा संशय घेतला जातो. अशा वेळी अनुभवी परिचारिकेचा शब्द नवख्या डॉक्टरला वाचवतो, आणि रुग्णालाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध या वेदनांचे प्रमाण कमी करते. ते मूळचे कर्करोगाच्या उपचारातील असल्याने लहान केंद्रातील डॉक्टर ते सुरू करायला धजत नाहीत. पांढऱ्या पेशी व बिंबिका यांची नियमित मोजणी करून ते कसे चालवायचे, हे दुसऱ्याने चालवलेले पाहिल्यावर जमते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे लक्ष्य ठेवले आहे.

कुष्ठरोगातील पूर्वानुभव

विदर्भात अशा कामाची जुनी वाट कुष्ठरोगाने पाडलेली आहे. वर्धा येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री रूढ केली. डॉक्टर नसलेले, पण डाग ओळखण्यात व मज्जातंतू चाचपण्यात तरबेज असलेले कार्यकर्ते तीतून तयार झाले. जाड झालेला मज्जातंतू बोटांना कसा लागतो हे चित्रावरून शिकता येत नाही. जाणत्याच्या बोटांशेजारी आपली बोटे ठेवावी लागतात.

मर्यादा

सहकारी एकमेकांना चूकही शिकवतात. ‘वय झाले की रक्तदाब एवढा असायचाच’ ही समजूत अनेक केंद्रांत अशीच पसरलेली आढळते. म्हणून गटात किमान एक जाणकार असणे आवश्यक मानले जाते. आरोग्य कर्मचाऱ्यांचे काम तपासून निकाल त्यांना कळवल्याने होणाऱ्या परिणामाचा मोठा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १४० अभ्यासांत आढळलेली सुधारणा मध्यमानाने ४.३ टक्क्यांची होती. परिणाम आहे, पण तो चमत्कार नव्हे.

पदांची उतरंड हा दुसरा अडसर आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर आशा सहसा बोलत नाही, आणि बरेचदा माहिती तिच्याकडेच असते. २०१८ पासून उपकेंद्रांत नेमले गेलेले समुदाय आरोग्य अधिकारी महाराष्ट्रात बहुतांशी आयुर्वेद पदवीधर असून सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून आलेले आहेत. या उतरंडीत त्यांचे स्थान अजून पुरते ठरलेले नाही. तक्त्यात वर राहण्याच्या दडपणाखाली १४२ चे १३८ लिहिण्याचा मोहही होतो, आणि एकदा तो झाला की त्या वहीवरून कोणालाच काही शिकता येत नाही. भ्रमणध्वनीवरील गटांत रुग्णाचे नाव व छायाचित्र टाकून सल्ला विचारण्याची सवय गोपनीयतेच्या दृष्टीने आक्षेपार्ह आहे. सिकलसेल व कुष्ठरोगात तिचे परिणाम कुटुंबाला भोगावे लागतात.

यातील बरीच पदे कंत्राटी आहेत. पर्यवेक्षक किंवा समुपदेशक नोकरी सोडून गेला की गावागावांतील न येणाऱ्या रुग्णांविषयी त्याला असलेली माहिती त्याच्याबरोबर जाते, आणि नव्याने आलेल्याच्या हाती पुन्हा दूरध्वनी क्रमांकांची यादी उरते, ज्यातील काही क्रमांक बंद झालेले असतात.